पाहुण्यांना दाखवलेल्या मुंग्या

पांढुर्णा
१९ फेब्रुवारी १९८७

चि. स्मितास बाबाचे पोटभर आशीर्वाद आणि जय भीम.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, माझा गुडघा आणि तुझ्या आईचा अबोला सोडला तर. पुण्याच्या खानावळीत ज्वारीची भाकर मिळते का, ते कळव. (पोळी खाऊन डोकं चालत नाही असं आईचं मत आहे. ती बोलत होती तेव्हाचं.)

अबोल्याचं कारण सांगतो. शनिवारी दुपारी सौसरचे भाऊराव आले, सोबत त्यांची आई देवकाबाई आणि मुलगा हिरामण. तुझ्यासाठी स्थळ म्हणून. हिरामण सिंचन खात्यात ओव्हरसियर आहे, पोरगा शांत वाटला. पोहे झाले, चहा झाला, मग भाऊरावांनी विचारलं की पोरगी पुण्याला नेमकं करते काय. मी तुझ्या पत्रातलं जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. विश्व अगदी तान्हं होतं तेव्हाचा उजेड अजून चहूकडे भरून आहे, फक्त इतका थंड झाला की डोळ्यांना दिसत नाही. तो पहिल्यांदा सापडला तोसुद्धा टेलिफोन कंपनीच्या दोन माणसांना. (इथे मी जरा छाती पुढे काढली. पंचवीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढून राहिलो, आमच्या कोणाला कधी काही सापडलं नाही.) त्यांना वाटलं, अँटिनावर कबुतरांनी घाण केली म्हणून खरखर येते, घाण पुसली तरी खरखर जाईना. आणि विश्वाच्या जन्माच्या क्षणी अवकाशच हादरून लाटा उठल्या असतील, तर त्यांची खूण त्या उजेडात उमटली आहे काय, हे आमची स्मिता शोधून राहिली.

"अन् दिसते कुठं हे?" भाऊराव म्हणाले.

आता माणूस काय दाखवणार? मी टीव्ही लावला. कार्यक्रम सुरू व्हायला वेळ होता, पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी सांगितलं, यातल्या शंभरात एखादी मुंगी त्या जुन्या उजेडाची आहे. चौघंही पाव तास पाहत बसलो. देवकाबाईंना वाटलं, आत कोणी कापूस पिंजून राहिला. मग त्यांनी विचारलं, शंभरातली ती कोणती. मी एकीवर बोट ठेवलं, तोवर ती गेली.

भाऊरावांनी विचारलं, लाटा कधीपर्यंत सापडतील. मी खरं ते सांगितलं, की स्मिता लिहिते, तिच्या हयातीत न सापडण्याचाही संभव आहे. त्यावर ते अगदी मायेनं म्हणाले, मग लग्न झाल्यावर हे सुटूनच जाईल, सौसरच्या शाळेत तिला लावून देऊ. माणूस वाईट नाही. पण मला तुझं पत्र आठवलं. त्यातलं अर्धं मला कळलं नव्हतं. लाटांबद्दलच्या पानावर मात्र तुझं अक्षर धावत गेलं होतं, काने-मात्रे गाळून, लहानपणी शाळेतून पळत यायचीस तसं. तेवढं मला कळलं होतं.

मी म्हटलं, "ती सोडणार नाही भाऊराव, अन् मीही तिले सोड म्हणणार नाही."

ते नमस्कार करून उठले. देवकाबाईंना टीव्हीसमोरून उठवायला मात्र वेळ लागला.

आई स्वयंपाकघरात होती. तिला मी सांगितलं की टीव्ही पाहून त्यांनीच नकार दिला. तेव्हापासून ती बोलत नाही, आणि माझ्या ताटात लोणचं येत नाही.

तुझा
बाबा (गुणवंता)

ता. क. तू आईला एक वेगळं पत्र टाक, की स्थळ तुलाच पसंत नव्हतं. माझं नाव येऊ देऊ नको.

आणखी ता. क. स्मिता, हे आई लिहून राहिली. पाकीट चिकटवाले माझ्याजवळ देलं, म्हणून वाचलं. मी शनिवारी दाराआडच होती, सगळं ऐकलं. नकार तुह्या बाबानं देला, बरं केलं. मले खोटं काहून सांगितलं, म्हणून बोलत नाही. अजून दोन दिवस बोलणार नाही. मंगळवारी बाबा ड्यूटीवर असताना हिरामण एकटाच आला होता. त्या लाटांबद्दल मराठीत पुस्तक आहे काय, विचारत होता. नाही म्हटलं, तं तुहा पत्ता मागितला, तुलेच विचारतो म्हणे. मी चहा देला, पत्ता नाही देला. देऊ काय, ते कळवजो. अन् सापडो का न सापडो, चौदा एप्रिलले घरी ये.