सात खुणांची लाठी

मी, दत्तोबा रामहरी भापकर, वय त्रेसष्ट, राहणार लोणी भापकर, तालुका बारामती, मुंबई पोलिसांतला पेन्शनर जमादार. डोके ठिकाणावर आहे. अक्षर माझेच. कोणाच्या दाबाखाली न येता माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहते घर व कालव्याखालची दोन एकर बाग पत्नी प्रयागबाई हिला तहहयात, तिच्यामागे मुलगी विजयमाला हिला. पेरूची झाडे प्रयागबाईने वाढवली. मी रजेवर येऊन पेरू खाल्ले, एवढाच माझा वाटा.

२. कवितांची क्रमिक पुस्तके गावच्या शाळेस. कपाटात ठेवू नयेत, पोरांनी मोठ्याने म्हणावीत. पंतोजींनी छडीच्या तालावर घोकून घेतलेला भुजंगप्रयात अजून कानात आहे. तो कुठे कामी आला ते पुढे येते.

३. पितळी शिट्टी विजयमालास. गंजीला आग लागली तर एक लांब शिट्टी, म्हणजे घागरी घेऊन या. आळीतल्या बायकांना हे आधीच सांगून ठेवावे.

४. माझी लाठी पुतण्या सर्जेराव यास. तो चावडीत हसून सांगत असतो, "आमच्या चुलत्यानं मुंबईच्या दंग्यात लाठी उगारलीच न्हाय." खरे आहे, उगारली नाही.

पेन्शनीच्या आदल्या वर्षी साहेब रजेवर आणि नाका माझ्यावर होता. बाजारात दंग्याची कुजबुज सुरू झाली तेव्हाच मी दोन्ही मोहल्ल्यांतल्या जाणत्यांकडे चहा घेतला, कोणत्या शिट्टीला दुकाने बंद करायची ते ठरवले, वाळूच्या बादल्या भरल्या. बावीस शिपायांना एका ओळीत चालायला शिकवले: लगागा लगागा, पंतोजींचा तोच भुजंगप्रयात, दर लगागाला एक पाऊल. शेजारच्या नाक्यावर आम्हाला भजनी मंडळ म्हणू लागले.

दंग्याच्या तिसऱ्या दिवशी गिरणीकडून हजारभर माणूस दगड घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी आम्ही, लाठ्या दोन्ही हातांनी आडव्या धरून. डाळजचा शिपाई रतन माझ्या डाव्या हाताला. कपाळ फुटलेले. म्हणाला, "जमादारसाहेब, हाणू का?"

मी म्हणालो, "न्हाय रतन. तू हाणलंस की ओळ तुटली. लगागा म्हण."

बावीस गळे, एक पाऊल. समोर कोणीतरी हसले, मग त्याच्या मागचे हसले. हसणाऱ्याच्या हातातला दगड ढिला पडतो, हे मी त्या दिवशी पाहिले. लष्कराच्या मोटारी यायला तीन तास लागले. त्या गल्लीत एकही तिरडी बांधावी लागली नाही. पुढे कितीतरी कविता वाचल्या. तशी ओळ पुन्हा ऐकली नाही.

सर्जेरावाने लाठी चावडीत सर्वांदेखत हातात घ्यावी. टोक कोरे आहे. मधोमध दगडांच्या सात खुणा आहेत, त्या मोठ्याने मोजाव्यात. मग काय सांगायचे ते सांगावे.

५. माझ्या सरणाची लाकडे फोडून गोठ्यामागे रचली आहेत, वर पत्रा आहे. प्रयागबाई म्हणाली, "चांगलं हिंडताय-फिरताय, आन् आत्तापासनं ही तयारी?" तयारी आत्तापासूनच करायची असते, असे मी तिला सांगितले. आठ दिवस तिने गोठ्यामागे पाऊल टाकले नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

मुक्काम लोणी भापकर, ता. ९ फेब्रुवारी १९३८
दत्तोबा रामहरी भापकर

साक्षीदार:
१. जोतीराम गणपत शिंदे, शाळामास्तर, लोणी भापकर
२. रतन खंडू जगताप, माजी शिपाई, डाळज. जमादारसाहेबांच्या डाव्या हाताला मीच हुतो. माझ्या लाठीवर पाच खुणा हायेत. ती बी चावडीत आणीन.