सरळ न चालणारा लांडगा

मी, खाली सही करणारा, परवाना असलेला शिकारी, माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत बसून, कोणाच्या दडपणाला वा भिडेला बळी न पडता, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य लोक रिवाज म्हणून लिहितात. मी ते घाईने लिहीत आहे, कारण ते किती दिवस खरं राहील याची खात्री मला कोणी देत नाही. पिसाळलेल्या लांडग्याने माझ्या मानेला चावा घेतला. बर्फाने रस्ता बंद होता, त्यामुळे सुया सुरू व्हायला उशीर झाला. डॉक्टरीणबाई म्हणतात, "काळजीचं फारसं कारण नाही." मी विचारलं, "फारसं नाही म्हणजे किती?" त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

कलम पहिले. हे राहते घर, त्यातील भांडीकुंडी, सामानसुमान आणि बँकेतील शिल्लक माझ्या पश्चात माझ्या पत्नीची राहील. तिच्या हयातीत मुलांनी वाटणीचा विषय काढू नये. सध्या मी पाण्याचा पेला तोंडाला लावला की स्वयंपाकघरातला तिचा आवाज थांबतो. घोट खाली उतरला की भांडी पुन्हा वाजू लागतात. या आजारात पाणी गिळवत नाही, हे तिला कोणी सांगितलं देव जाणे. आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नाही.

कलम दुसरे. माझी बंदूक, परवाना रीतसर नावावर करून घेण्याच्या अटीवर, माझ्या थोरल्या मुलीला द्यावी. धाकट्याने वाईट वाटून घेऊ नये. तो शहरात लेथवर काम करतो, त्याला माझी सगळी हत्यारं आणि लाकडी बाक मिळेल. बंदूक थोरलीलाच का, हे घडलेली गोष्ट सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून सांगतो.

निरोगी लांडगा आखल्यासारखा सरळ चालतो. पुढचा पाय पडला त्याच ठशात मागचा टाकतो. कळप असला तरी एकामागून एक असे जातात की नवख्याला वाटावं, एकच जनावर गेलं. वळणावर ठसे फुटतात, तिथे मोजायचे. कुत्र्याचं तसं नसतं. त्याला घरी जेवण तयार असतं, म्हणून ते वाटेल तसं भटकतं. बर्फ पडला त्या आठवड्यात ओढ्यापलीकडे मला जो माग दिसला तो मापाने लांडग्याचा होता आणि चालीने कुत्र्याहून वाईट. मागची नखं फरफटत गेलेली. एका झाडाला धडकून तो तसाच पुढे गेला होता. मेलेल्या हरणाजवळून गेला, पण तोंड लावलं नव्हतं. कुंपणाच्या खांबांवर मात्र दातांचे ओरखडे होते. आणि त्याच्याच कळपाचे ठसे त्याच्या वाटेपाशी येऊन, लांबून वळसा घालून गेले होते. आपल्या जनावराला कळप असा टाळतो, तेव्हा माणसाने दाराला कडी घालावी.

मी वस्तीत सांगत फिरलो. माझा मेव्हणा, ज्याची लाकडाची वखार आमच्या मागच्या बाजूला आहे, चार माणसांत हसून म्हणाला, "दाजींचं आपलं लांडगा आला रे आला. भटकं कुत्रं असेल हो."

दुसऱ्या दिवशी मी आणि थोरली मागावर गेलो. लांडगा उजेडात, उघड्या माळावर उभा होता. आम्हाला पाहून पळाला नाही, हेच मला नको होतं. माझी गोळी त्याच्या मागच्या पायाला लागली. दुसरी भरेपर्यंत तो अंगावर आला. हात आडवा घातला, तरी दात मानेपर्यंत पोचले. माझ्या हातून पडलेली बंदूक थोरलीने उचलली, भरली, आणि तो माझ्या अंगावर असताना नेम धरून झाडली. मी तिच्या जागी असतो तर माझा नेम चुकला असता. तेव्हा बंदूक कोणाची, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे.

कलम तिसरे. उरलेल्या कळपावर माझ्या नावाने सूड उगवू नये. थोरली आठवडाभर त्यांचा माग काढत आहे. चाल सरळ आहे, ठशात ठसा आहे, शिकार खाल्लेली आहे. तरी तिने पावसाळ्यापर्यंत लक्ष ठेवावं आणि एखाद्याची वाट वाकडी झाली तर मात्र दया करू नये.

कलम चौथे. हे लिहिताना हात जड होतो, कारण ज्याच्याबद्दल लिहितो तो माझ्या पत्नीचा पाठचा भाऊ आहे. चावा बसण्यापूर्वी त्याच मागावर मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. ठसे सांगत होते: वखारीकडून एक कुत्रं धावत आलं, लांडग्याशी झोंबलं, आणि रक्ताचे थेंब सांडत वखारीकडेच परत गेलं. थोरलीकडून मेव्हण्याला विचारलं तर म्हणाला, "माझं कुत्रं त्या दिवशी बांधलेलं होतं." डॉक्टरीणबाईंनाही त्याने तेच सांगितलं. मग बर्फ वितळला आणि पुरावा पाण्याबरोबर वाहून गेला. ते कुत्रं त्याच्या दोन मुलींच्या अंथरुणात झोपतं. सबब, आमच्या घरामागची जमिनीची पट्टी, जी लाकूड रचायला त्याला कित्येक वर्षांपासून हवी आहे आणि जिच्यावरून आमचं बोलणं बंद झालं होतं, ती मी त्याला देतो. अट एवढीच, की त्याने ते कुत्रं ताबडतोब गुरांच्या डॉक्टरांना दाखवावं आणि मुलींना दवाखान्यात न्यावं.

वरील कलमाबाबत खुलासा, काही दिवसांनी लिहिलेला. इथवर लिहून मी मेव्हण्याला बोलावलं आणि पत्नीसमोर कलम वाचून दाखवलं. तो उंबऱ्यावरच उभा होता. मग म्हणाला, "पट्टी राहू द्या, दाजी. कालपासून कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय."

पत्नीने विचारलं, "आणि पोरी कुठायत?"

"घरी. ताई, त्यांच्यासमोर त्याला मारायला लागेल म्हणून मी..."

ती त्याच पावली वखारीला लागून असलेल्या त्याच्या घरी गेली आणि दोन्ही मुलींना घेऊन दवाखान्यात पोचली. कुत्र्याला गुरांच्या डॉक्टरांनी सुई देऊन कायमचं शांत केलं. धाकटीच्या मनगटावर जुना ओरखडा निघाला. कधीचा, ते तिला आठवत नाही. आता त्या दोघींनाही माझ्यासारख्याच सुया चालू आहेत, आणि रात्री झोप न लागणारी घरं दोन झाली आहेत. चौथ्या कलमातील अट मी रद्द करतो. पट्टी मेव्हण्याला बिनशर्त द्यावी. त्याच्याशी मी पुन्हा बोलू लागलो आहे, ही गोष्टही नोंदीत राहावी.

कलम पाचवे व शेवटचे. मला तो आजार झालाच, तर मला वेगळ्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घालावी. त्या अवस्थेत मी कोणाला शिव्या देईन, हे घर कोणाला तरी भलत्यालाच देईन, दार उघड म्हणून पत्नीच्या विनवण्या करीन, तिला नाही नाही ते बोलेन. त्यातला एकही शब्द माझा मानू नये व त्यावरून या कागदात फेरफार करू नये. तिने दार उघडू नये. तिच्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते मी आज, शुद्धीवर असताना, म्हणून ठेवतो: संसार चांगला झाला.

लिहून ठेवणार: (सही) शिकारी

साक्षीदार:
१. (सही) दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. लिहिणाऱ्यास मी आज तपासले. ते पूर्ण शुद्धीवर असून, आजाराचे कोणतेही लक्षण आजमितीस नाही.
२. (सही) वस्तीचे टपालवाले. सही माझ्यासमोर झाली.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: माझ्या शेवटच्या सुईचा दिवस. मुलींच्या अजून बाकी आहेत.