दाराच्या हँडलपाशी पॉज

३ मार्च, सकाळ
बायको बहिणीकडे गेली. चार दिवस हवापालट, असं मीच धरून चाललो. सोबत शिलाई मशीनही नेलं. हवापालटाला शिलाई मशीन! असो. घरात निवांतपणा आहे. संकल्प: फिल्म क्लबचं भाषण याच आठवड्यात हातावेगळं करायचं. विषय, त्या जुन्या थ्रिलरमधलं जिन्याचं दृश्य. त्यातला ताण माझ्याइतका कुणाला कळलेला नाही.
दूधवाला एकच पिशवी टाकून गेला. तक्रार करायची.

५ मार्च
मुख्य मुद्दा तयार. वरच्या खोलीत खुनी लपलाय हे प्रेक्षकाला आधीच दाखवलंय. नायिकेला पत्ता नाही, ती आरामात जिना चढते. संगीत बंद. फक्त चपलांचा आवाज. कॅमेरा तिच्या पाठीमागून हळूहळू वर, आणि एकदम दाराच्या हँडलचा क्लोजअप. ताण म्हणजे एवढंच: सगळ्यांना माहीत, तिला सोडून. इथे मी नेहमी पॉज करून समजावतो.
आजही एकच पिशवी. तक्रार राहिली.

८ मार्च, रात्र
भाषण अप्रतिम झालं. सुरुवातीला खुर्च्या कमी पडल्या, शेवटी पडल्या नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, एकदा न थांबवता दाखवा की. म्हटलं, न थांबवता कोणीही बघतो.
हे सांगायला बायकोला फोन केला. मेहुणी म्हणाली, ती अंघोळीला गेलीय. संध्याकाळी केला, तर पुन्हा अंघोळीलाच. इथे एवढी स्वच्छता नव्हती.

१२ मार्च
घर खायला उठतं. चहा अजून दोघांचाच होतो, एक कप ओतून देतो.
आज आयडिया सुचली. हा सिनेमा तिला कितीदा दाखवला, पण दारामागे काय आहे ते तिने अजून पाहिलेलं नाही. हँडलवरचं माझं विवेचन संपेपर्यंत तिला झोप लागते. उत्सुकता असणारच! मेसेज टाकला: शेवट बघायचा असेल तर रविवारी पाचला ये. बाकी काही लिहिलं नाही. माहिती दडवली की ताण वाढतो.

१५ मार्च, रविवार
पडदे ओढले. दोन खुर्च्या मांडल्या. आज पॉज करायचा नाही. फार तर एकदा.
साडेपाच. घड्याळ, दार, घड्याळ, दार. क्रॉसकटिंग मला कुणी शिकवायला नको. लिफ्ट आली. वरच्या मजल्यावर गेली.
सहाला बेल. मेहुणी, एकटीच. ताईचे उरलेले कपडे न्यायचेत म्हणाली. मी विचारलं, ती शेवट बघायला येणार नाही का? मेहुणीने दोन खुर्च्यांकडे पाहिलं.
"भावोजी, शुक्रवारी आमच्याकडे बघितला तिने. दार उघडलं तेव्हा केवढ्यांदा ओरडली, मग कितीतरी वेळ हसत होती. म्हणाली, मध्ये कुणी बोललं नाही, म्हणून पहिल्यांदाच भीती वाटली."
कपडे भरायला फार वेळ लागला नाही. कपाट जवळजवळ रिकामंच होतं. इतक्या दिवसांत मी ते उघडूनच पाहिलं नव्हतं.

१६ मार्च, सकाळ
सिनेमा लावला. हँडल आलं, सवयीने पॉज केला आणि शेजारच्या खुर्चीकडे वळलो. फार एकटं वाटलं. मग पुढे बघवलं नाही.
तेवढ्यात दूधवाला आला. तक्रार करायला उठलो होतो, पण तोंडून निघालं की यापुढे एकच पिशवी टाकत जा.
तो म्हणाला, "हो साहेब, बाईंनी जातानाच सांगितलंय."