धुरकट डाग

१८ जाने. २००४, रविवार. शिरूर

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते. बाकीचं नंतर.

१. दौंडच्या कॉलेजात ‘तारे आणि दीर्घिका’ हा प्राथमिक कोर्स मी शिकवते. तासिका तत्त्वावर. विभागप्रमुख सर.
२. कोर्सच्या दुर्बिणीची नळी आणि स्टँड कॉलेजचे. आतला सहा इंची आरसा माझा. सणसवाडीच्या कंपनीतून बाबांनी आणलेल्या रिकाम्या ड्रमवर काच ठेवून मी घरी घासून केलेला.
३. काल आकाशदर्शन राहू गावी, संस्थेच्या अध्यक्षांच्या मळ्यात. त्यांना सगळे दादा म्हणतात.
४. दादांच्या आईंनी सरांना विचारलं, “ह्या बाई कुणातल्या?” सरांनी हळू आवाजात सांगितलं. आम्ही बौद्ध.
५. चहा आला. सगळ्यांना कपबशी. मला प्लास्टिकचा ग्लास.
६. मी तो कठड्यावर ठेवला. प्यायले नाही.
७. परतताना जीपमध्ये सर: “पुढच्या शनिवारी वर्ग परत इथंच. दादांचे पाहुणे आहेत. तुम्ही दुर्बीण पाठवा. तुम्ही नाही आलात तरी चालेल.”
८. मी म्हणाले, “बरं.”

२० जाने.

ते “बरं” अजून घशात आहे.

आई म्हणते, “गिळ. नोकरी टिकव. कायम झालीस की मग बोल.” तक्रार केली तर सर म्हणतील कप कमी पडले, आणि तिथले तीस जण मान डोलावतील. शिक्षा अशी हवी की त्यांना तिची तक्रारही करता येऊ नये.

सुचलंय. उद्या बघते.

२२ जाने.

प्रयोगशाळेत एकटीच होते. नळीच्या बुडाचं झाकण काढलं, तीन स्क्रू सोडवले, आरसा काढला. आईच्या जुन्या साडीत गुंडाळून बॅगेत. वजन गेल्यामुळे नळी तोंडावर पडायला लागली, म्हणून त्या जागी शहाबादी फरशीचा तुकडा घट्ट बसवला. झाकण परत लावलं.

कॉलेजचं कॉलेजला, माझं मला.

न्हावऱ्याच्या एस.टी.त बॅग मांडीवर. कंडक्टर: “बाई, वर ठिवा की.” नाही ठेवली.

२४ जाने., शनिवार

संध्याकाळी घरीच. पश्चिमेला चंद्रकोर आणि शुक्र अगदी जवळजवळ. तिकडे पाहुणे आणि वर्गातली पोरं अंगणात जमली असतील. सर डोळा लावतील, काळोख दिसेल, घाम फुटेल, फोन करतील. उत्तर तयार आहे: दुर्बीण पाठवा म्हणालात, पाठवली.

बाबांनी कपाटावर आरसा पाहिला.
“काढलास?”
“काढला.”
“मग नळी तरी कशाला पाठवली?”
“मागितली होती.”
हसले. बऱ्याच दिवसांनी.

फोनशेजारीच जेवले. वाजला नाही.

२६ जाने.

झेंडावंदन. सर पुढे येऊन म्हणाले, “फार छान झालं बरं का शनिवारी! दादा एकदम खूश. सगळ्यांनी देवयानी दीर्घिका पाहिली.”

प्रयोगशाळेत जाऊन झाकण उघडलं. फरशी तिथेच.

जिन्यात सुवर्णाने गाठलं. एफ.वाय.ची, राहूचीच. कुणी ऐकत नाही ना, ते बघून घेतलं आणि मग:
“मॅडम, आत काहीच न्हवतं. माझीच पापणी दिसली.”
“मग?”
“मी तसं बोलले. तर दादा म्हणले, पोरी, त्याला नजर असावी लागती. म्या पाह्यली की, ढगावानी हाय. पाहुणे म्हणले, व्हय व्हय. समदे हसले मला.”
“आणि सर?”
“सर म्हणले, दीर्घिका म्हंजी धुरकट डाग. डोळ्याला सवय लागते.”

हे वाक्य माझं आहे. पहिल्या तासाला मीच सांगितलं होतं, शब्द न् शब्द. खोटंही नाही. आरशातून बघितली तरी देवयानी तशीच दिसते. पोरांनी निराश होऊ नये म्हणून सांगितलं होतं. त्याच्याच आडोशाला सगळे उभे राहिले.

सरांना नळी रिकामी असल्याचं कळलं होतं, की त्यांना खरंच डाग दिसला? ठरवता येत नाही. दोन्हींत त्यांची लाजच. पण लाजलंय कोण?

३० जाने.

२४ तारखेच्या निरीक्षणाचे अहवाल जमा झाले. सगळ्यांनी पेन्सिलीने अंडाकृती डाग काढलाय, कडा बोटाने पुसून. एकाने तर बाजूला उपदीर्घिकासुद्धा. पुस्तकातली.

सुवर्णाचा कागद कोरा. खाली एक ओळ: काही दिसले नाही.

सरांनी परत केला. पुन्हा लिही, नाहीतर सर्टिफिकेट नाही. तास संपल्यावर माझ्याकडे आली.
“मॅडम, मी बी डाग काढू का?”
“नको.”
“मग नापास?”

तिला सांगितलं, थांब. किती, ते सांगितलं नाही.

१ फेब्रु.

नेम चुकला. सरांना खरचटलंही नाही, दादा खगोलतज्ज्ञ झाले, आणि लागलं ते एकट्या पाहणारीला. माझ्या हाताने.

सांगितलं तर तासिका जाणार. आई माझ्याशी बोलायची थांबेल, तेही कळतं.

पण गप्प राहिले तर सुवर्णा कधीतरी तो डाग काढणार. आणि मग पुढे कायम तिला दिसत राहणार, जे जे मोठ्यांना दिसतं ते.

राग कमी झाला का, तपासलं. नाही झालेला. उलट आता त्याला दिशा आहे.

२ फेब्रु., सोमवार

सरांच्या हातात पत्र दिलं. त्यांनी न वाचता खिशात घातलं, म्हणाले, “रजेचा अर्ज का?” मजकूर असा:

सर,
सुवर्णाचा अहवाल बरोबर आहे. २४ तारखेला नळीत आरसा नव्हता. तो मी काढला होता. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिचा अहवाल तुम्ही वर्गासमोर स्वीकारावा आणि कारण सांगावं. नाहीतर आरसा टेबलावर ठेवून मी सांगेन, आणि बाकीच्यांची चित्रं नावांसकट भिंतीवर लावेन. दादांनाही बघायला बोलवेन. शनिवार, ७ फेब्रुवारीपर्यंत लेखी उत्तर द्यावं.