खाली बसवलेली गाडी

कलकत्ता,
मंगळवार, २१ जानेवारी १९६९

चि. मालतीस अनेक आशीर्वाद.

तुझा तिळगूळ संक्रांत उलटून गेल्यावर पोचला, पण पोचला. यंदा इथे थंडी बेताची आहे. ह्यांची कंबर धरली आहे, त्याचं कारण पुढे येईल. श्यामकांत ठणठणीत आहे, हातपाय शाबूत आहेत. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील.

तुझं दुसरं पत्र गुरुवारी मिळालं. बराकपूरच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होतात आणि श्याम त्यात उतरणार आहे, हे शकुनने तुला कळवलं. आमच्या महाराष्ट्र मंडळात एवढी माणसं आहेत, पण बातमी सर्वांत आधी साताऱ्याला पोचवते ती शकुनच. तू लिहिलंस, "ताई, त्याला सांग, आईची शपथ आहे. शर्यतीत बसशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील."

मी त्याला हे सांगितलेलं नाही. शर्यत रविवारी झाली. तो धावला.

सांगितलं असतं तर त्याने निमूटपणे ऐकलं असतं. तो तसाच मुलगा आहे. म्हणूनच सांगितलं नाही. तुला राग येईल. येऊ दे, पण पत्र फाडू नकोस, पुढे वाच.

गाडी आमचीच, जुनी फियाट. ती श्यामने माझ्या परवानगीने खाली बसवली, म्हणजे जमिनीपासूनची तिची उंची कमी केली. तीन महिने झाले, रोज संध्याकाळी नोकरीवरून आला की हा गाडीखाली. पहिल्यांदा त्याने फक्त पुढच्या स्प्रिंगांचे वेढे कापले. त्यामुळे गाडी नाक घासून चालणाऱ्या डुकरासारखी दिसायला लागली आणि वळणावर तिचा मागचा भाग सरकायला लागला. मग मागे स्प्रिंगचे पाटे आणि चाकांचा आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून त्याने मागची बाजूही खाली आणली. तेव्हा कुठे ती सरळ झाली. खालच्या मजल्यावरच्या सुचित्रादी मला जिन्यात गाठून विचारतात, "दीदी, तुमची गाडी दमून खाली बसली की काय?" हे म्हणतात, "ही गाडी आहे की पाट? बसताना मांडी घालायची आणि उठताना दोघांनी हात द्यायचा." ह्यांची कंबर धरली ती अशी. चौरंगीवरून घरापर्यंत येताना प्रत्येक खड्डा त्यांनी मोजून मला ऐकवला.

गेल्या बुधवारी मंडळाचं हळदीकुंकू होतं. मी गाडीतून चौघींना घेऊन निघाले. सगळ्या जरीच्या साड्यांत, हातात वाणाची ताटं. रासबिहारीच्या चौकात ट्रामच्या रुळांवर आलो तर गाडीचं पोट घासलं आणि ती तिथेच अडली. मागून ट्रामवाला घंटा बडवतोय. शेवटी चौघींना खाली उतरवलं. ओझं गेल्यावर गाडी वर आली, मी रूळ ओलांडले, चौघी ताटं सांभाळत चालत आल्या आणि पुन्हा बसल्या. पुढच्या रुळांवर तोच प्रकार. शकुन म्हणाली, "कालिंदीताई, पुढच्या वर्षी आम्ही चालतच येऊ. गाडीला तेवढं हळदीकुंकवाला घेऊन या." तिने तुला हेही लिहिलंच असेल.

आता थोडं शास्त्र. तुला कंटाळा येईल, पण पुढचं समजायला ते लागेल. गाडीचं सगळं वजन एका बिंदूत साठलेलं आहे असं धर. तो बिंदू जितका उंच, तितकी गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते. बाहेरच्या चाकांवर भार वाढतो, आतल्या चाकांवरचा कमी होतो. तो पुरता संपला की आतली चाकं जमीन सोडतात आणि गाडी उलटते. तोच बिंदू खाली आणला की त्याच वळणावर, त्याच वेगात, चारही चाकं रस्ता धरून राहतात. हा फायदा खरा आहे. शनिवारी सरावाच्या वेळी मी श्यामशेजारी बसून पाहिला. पूर्वी या गाडीत वळणावर मी दाराला जाऊन चिकटत असे. या वेळी जागची हलले नाही.

तोटाही तितकाच खरा. स्प्रिंग आखूड झाली की तिला दबायला जागा उरत नाही. खड्डा आला की ती दबून संपते, रबराच्या ठोकळ्यावर आपटते, आणि उरलेला दणका बसणाऱ्याच्या मणक्यात जातो. पुढची चाकं किंचित तिरकी झाल्यामुळे टायर आतल्या कडेला झिजतात. एकूण काय, उलटायची भीती कमी करायची तर रोजचं सुख सोडायचं. कोणाला काय हवं आहे त्यावर ते आहे. शर्यतीसाठी असं सगळेच करतात, म्हणून श्यामही करतो आहे असं मी धरून चालले होते.

तसं नव्हतं.

रविवारी मी एकटीच बघायला गेले. हे कंबर शेकत घरी. धावपट्टीच्या टोकाला रिकामी पिंपं मांडून वळण केलं होतं. श्याम दुसरा होता आणि चांगला चालवत होता, म्हणजे नेमका. घाई नाही, गाडीला हिसका नाही. त्याच्या पुढे एक उंच गाडी होती, मालकाने तिच्या टपावरचा कॅरियरही काढला नव्हता, वर दोन जादा चाकं बांधलेली. पिंपांच्या वळणावर त्या गाडीची आतली दोन्ही चाकं उचलली गेली. लोक ओरडले. क्षणभर ती तशीच राहिली, मग धाडकन खाली आली आणि पुढे निघून गेली. तिला काही झालं नाही. श्यामने मात्र गाडी कडेला घेतली, थांबवली आणि पुन्हा सुरूच केली नाही. बाकीचे सगळे त्याला मागे टाकून गेले.

मी त्याच्याकडे चालत गेले.

"काय रे? बिघडली?"

"नाही."

"मग थांबलास का?"

"मावशी, तिची चाकं उचलली गेली ती पाहिलीस?"

"पाहिली."

"वेग काही फार नव्हता तिचा. मी मागेच होतो ना. माझाही तोच होता. माझी हललीसुद्धा नाही." तो स्टीअरिंगवर हात ठेवून बसला होता. मग म्हणाला, "बाबांच्या जीपच्या टपावर काय होतं गं?"

"मी तिथे नव्हते, श्याम."

"ते माहीत आहे," तो म्हणाला. "जी होती तिला मी कधी विचारलं नाही."

घरी आल्यावर त्याने माझ्यासमोर कागद ठेवला. त्यावर मुकुंदरावांची जीप उलटली त्या घाटातल्या वळणाची आकृती होती. मागच्या मे महिन्यात तो तुझ्याकडे आला होता, तेव्हा मित्राकडे जातो म्हणून सांगून तिथे जाऊन पावलांनी रस्ता मोजून आला होता. तसल्या जीपची उंची आणि रुंदी त्याने फोर्ट विल्यमजवळ उभ्या असलेल्या जीपवरून काढली. आकडेमोड मी तपासली. बरोबर आहे. रिकामी जीप त्या वळणावर उलटायला बराच वेग लागतो. टपावर जड सामान असेल तर फारसा लागत नाही. दोनच गोष्टी त्याच्याकडे नाहीत. टपावर किती वजन होतं, आणि मुकुंदराव किती वेगात होते.

मालती, आपल्या घरात एक वाक्य इतकी वर्षं चालत आलं आहे, की मुकुंदराव फार जोरात चालवायचे. श्याम पाच वर्षांचा होता तेव्हापासून ते ऐकतो आहे. सायकल शिकताना त्याच्या काकांनी त्याला बजावलं, बापासारखा जाऊ नकोस. त्याने ते मनाला लावून घेतलं आणि कोणाला कळू दिलं नाही. कलकत्त्यात त्याला शर्यतीची हौस लागली असं तुला वाटतं आहे. त्याला फक्त एवढंच हवं आहे की बाप बेफिकीर होता की नव्हता, हे कोणीतरी खरं सांगावं.

महाडहून साताऱ्याला बदली झाली तेव्हा घरातलं सगळं सामान त्या एका जीपमध्ये होतं. तुझ्या खाटेखाली कोपरा चेपलेली ट्रंक आहे, ती श्याम लहानपणापासून बघतो आहे. तिच्यात तांब्यापितळेची भांडी आहेत हे त्यालाही माहीत आहे. ट्रंका टपावर बांधायच्या हे कोणी ठरवलं, मी तुला कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. तू हॉस्पिटलमधून हात गळ्यात बांधून आलीस तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला होता. लोक मुकुंदरावांच्या वेगाबद्दल बोलायला लागले आणि तू मान खाली घालून ऐकून घेतलंस, तेही पाहिलं.

बदलीचं सामान टपावर बांधतात. सगळे बांधतात. जड भांडी खाली आणि गाद्या वर असं बांधायला हवं, हे त्या दिवशी तिथे कोणालाही ठाऊक नसणार. त्यात गुन्हा नाही. मी तुझी समजूत घालण्यासाठी हे लिहीत नाही. ते तसं आहे, म्हणून लिहिते आहे.

मात्र एक सांगते. ही शपथ तू श्यामच्या जिवासाठी घातलीस असं तुला वाटत असेल. मला वाटतं, तो गाड्यांच्या जवळ गेला की कधी ना कधी हा प्रश्न विचारील, म्हणून घातलीस. ती शपथ मी तुला परत करते आहे. माझ्याकडून ती त्याच्या कानावर जाणार नाही. पुन्हा शर्यतीत उतरायचं की नाही, ते तो ठरवील. तेवीस वर्षांचा आहे.

त्याने रजा घेतली आहे. शुक्रवारच्या मुंबई मेलने निघतो, सोमवारपर्यंत साताऱ्याला पोचेल. हे पत्र त्याच्या आधी पोचावं म्हणून मी आजच जीपीओत जाऊन टाकणार आहे. तुला सगळं लिहिलं आहे हे त्याला ठाऊक आहे. "आईला त्रास होईल," एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, होईल.

तो आला की स्वयंपाकघरात शिरू नकोस. त्याला जेवायला वाढण्यात दिवस घालवू नकोस, आणि शेजारणींना बोलावू नकोस. दार लाव आणि त्याच्यासमोर बस. आधी तो टपावर काय होतं ते विचारील. ते तू सांगू शकशील, हे मला माहीत आहे. मग वेग विचारील. वेग कमी होता असं ऐकायला त्याला फार आवडेल. तसा नसेल तर तेही सांग. वडील जोरात होते हे ऐकून तो मोडणार नाही. आई गप्प बसली तर मात्र पुन्हा कधी विचारणार नाही.

रडू आलं तर रड. रडून झाल्यावर बोल.

तुझी ताई,
कालिंदी