तळ्याकाठच्या खुंट्या

सात रस्ता, सोलापूर
३ डिसेंबर २०२५

ती. आज्जा यांस,
सुकन्याचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून आपला जुना मार्गच बरा. मी हॉस्टेलला असल्यापासून तुम्ही माझ्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलंय. याही पत्राला द्या, रागावून दिलंत तरी चालेल.

बातमी अशी, की मला नोकरी मिळतेय. राधानगरीच्या पुढच्या दाट जंगलात झाडांची पाहणी करणारी एक संस्था आहे, तिच्यात. कॉलेजात मी शिकले ते हेच. पगार बरा आहे, सोबत आणखी दोघी मुली असतील. एकच गोष्ट लिहिताना हात अडतोय. पावसाळा सोडला तर मुक्काम तंबूत. बाबा म्हणतात, तुम्ही हो म्हणालात तर त्यांची ना नाही. म्हणजे नेहमीप्रमाणे त्यांनी अंग काढून घेतलं. माझा होकार महिनाअखेरीपर्यंत कळवायचा आहे.

त्याआधी एक बेत केलाय. माझी मैत्रीण महेश्वरी, साखर पेठेतली, तिच्या वडिलांची गाडी घेऊन तीन दिवस जायचं. आधी रंकाळा, मग राधानगरीचं धरण, मग जंगल. झोपायचं भाड्याच्या तंबूत. तुम्ही आणि आज्जी दोघंही चला. जागा डोळ्यांनी बघा, मग काय ते बोला.

तुमची माया आहेच. हे पत्र वाचून ती कमी होऊ देऊ नका.

तुमची,
सुकन्या


मंगळवेढा
८ डिसेंबर २०२५

चि. सुकन्या हिस,
भिमा आज्जाचे अनेक आ.

पत्र पावलं. इकडे ज्वारी कमरेच्या वर गेली आहे, थंडी बरी पडली आहे. नोकरीचं वाचून ऊर भरून आला आणि तंबूचं वाचून डोकं फिरलं.

मी आणि तुझ्या आज्जीनं मेंढरांमागं निम्मा जन्म पालात काढला. पाल म्हणजे तुमचा तंबूच, फक्त त्याच्यापुढं उभं राहून कुणी फोटो काढत नव्हतं. रानात मेंढरांचं खत पाहिजे असेल तोवर शेतकरी गोड बोलायचा. मग कुणीही यायचं आणि काठी आपटून उठा म्हणायचं. तव्यात भाकरी असली तरी उठायचं, तुझा बाप तापानं फणफणला होता तरी उठलो. मेंढरं विकली, स्लॅबचं घर बांधलं, तुला शिकवलं, ते एवढ्याचसाठी की आपल्यातल्या कुणाला परत 'ऊठ' म्हणून कुणी म्हणू नये. आणि तू शिकून सवरून पालातच निघालीस. वर सहलीला भाडं भरून.

माझं उत्तर नाही असं आहे. तुझ्या आज्जीला मात्र ने. ती कधीची पिशवी भरून बसली आहे. जन्म कोरड्या मुलखात गेला, आता पोटभर पाणी बघायचंय म्हणते. तिचा गुडघा दुखतो, गाडी मधेमधे थांबवा. मी येणार नाही.

राग तुझ्यावर नाही. तब्येत जप.

तुझा आज्जा,
भिमा


सात रस्ता, सोलापूर
१७ डिसेंबर २०२५

ती. आज्जा यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आज्जीच्याच हाती पाठवते आहे. ती ओरडून सगळं सांगेल, पण तुम्हाला अर्धंच ऐकू येईल आणि उरलेलं तुम्ही मनानं भराल, म्हणून लेखी.

रंकाळ्यावर आज्जी पाण्यात पाय सोडून बसली. मग म्हणाली, एवढं पाणी असल्यावर इथली माणसं भांडतात तरी कशावरून. राधानगरीच्या पुढं झाडी इतकी दाट, की दुपारीच गाडीचे दिवे लावावे लागले. महेश्वरीनं गाडी झकास चालवली, तरी आज्जीनं प्रत्येक वळणावर बिरोबाला हाक मारलीच. तिनं बांधून घेतलेल्या कडक भाकरी आपल्याकडे महिनाभर कुरकुरीत राहतात, तिथल्या दमट हवेत एका रात्रीत वातड झाल्या. त्या रानानं आपला अपमान केला असं तिला वाटलं. आम्ही त्या दुधात बुडवून खाल्ल्या.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलातल्या तळ्याकाठी, तंबूपुढं आमचा चहा उकळत होता. जंगलखात्याचा एक माणूस, खाकी कपड्यातला, पायवाटेनं येताना दिसला. त्यानं तोंड उघडायच्या आत आज्जी उठली. गुडघा विसरून उठली. अंथरूण गुंडाळलं, चहाचं पातेलं उतरवलं आणि तंबूच्या खुंट्या उपटायला लागली. एक बाजू खाली आली तरी ती काय करतेय ते मला कळेना. कळलं तेव्हा रडूच आलं. तुमची ती काठी मी पत्रात वाचली होती, आज्जा, पण दिसली मला त्या सकाळी.

तो बिचारा एवढंच सांगायला आला होता, की पलीकडच्या काठावर गवे उतरलेत, बघायचे तर चला. त्यानं आज्जीच्या हातातल्या खुंट्या बघितल्या. त्या हळूच काढून घेतल्या आणि म्हणाला, "बसा की आजी. जागा तुमचीच हाय." मग दगड घेऊन त्यानं एकेक खुंटी परत ठोकली. नंतर आमच्यात बसून चहा प्यायला.

गवे बघायला आज्जी सगळ्यांच्या पुढं. घरी आल्यावर तिला विचारलं, आज्जांना काय लिहू. ती म्हणाली, एवढंच लिही: "पाल त्येच हाय. पर आपुन गरजंनं ऱ्हात हुतो, ही हौसंनं ऱ्हाईल. हिला कोन उठवनार न्हाय. म्या बघून आले."

माझं म्हणाल तर मला ही नोकरी मनापासून हवी आहे. पण तुम्हाला दुखवून गेले तर तिथं माझा जीव लागणार नाही. तुम्ही पुन्हा नाही म्हणालात, तर तसं कळवून टाकेन आणि रुसणार नाही. थोडी रुसेन.

काय ते लवकर लिहा. तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.

तुमची,
सुकन्या


मंगळवेढा
२१ डिसेंबर २०२५

चि. सुकन्या हिस,
अनेक आ.

पत्र वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. तुझ्या आज्जीनं सहल सांगितली ती सगळ्या आळीला ऐकू गेली, मला अर्धी. तिचा गवा रोज वीतभर वाढतो आहे.

खुंट्यांचं वाचल्यावर मला जेवण गेलं नाही. घर बांधून इतकी वर्षं झाली, तरी ते तिच्या अंगातून गेलेलं नाही. माझ्याही गेलेलं नाही. आपल्या दारापुढं अनोळखी गाडी थांबली की मी अजून उठून उभा राहतो. तुम्हाला वाटत असेल, म्हातारा मान देतो.

त्या खाकीवाल्यानं काय म्हटलं ते मी तिला कानाशी तोंड आणून पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. असं आम्हाला उभ्या जन्मात कुणी म्हटलं नाही, पोरी. पाल वाईट नव्हतं. तुझा बाप पालात जन्मला, आम्ही तिथं हसलो, गाणी म्हटली. वाईट होतं ते उठवणं. एवढं मला या वयात कळलं, ते तुम्ही दोघी जाऊन आलात म्हणून.

तेव्हा हो कळव, आजच कळव. शेताची राखण शेजारच्या सिद्धूला सांगितली आहे. तू कामावर रुजू होशील त्या दिवशी आम्ही दोघं सोबत येणार. तिथं जे कुणी साहेब असतील त्यांना आधी सांगून ठेव, की सुकन्याचा तंबू तिचा आज्जा उभा करणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. खुंट्या अशा ठोकीन, की तुझ्या आज्जीनं ओढल्या तरी हलायच्या नाहीत.

तिकडून पत्र टाकत जा. लोभ आहे तो वाढव.

तुझा आज्जा,
भिमा