बशीत बसेल असा कप

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.

...तर पाण्याचा दिवस होता. मी मोटर लावली, पाइप टाकीत सोडला, मग पिंप, मग बादल्या, मग पातेली, शेवटी तांबे. हे दारातल्या पायरीवर बसून चहा पीत होते. म्हणजे कप बशीत रिकामा करायचा, बशी तोंडाला लावायची आणि फुर्र करून ओढायचा. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज. मी म्हणाले, अहो, जरा कमी आवाज करा, लोक काय म्हणतील. ते म्हणाले, लोक पाणी भरतायत. पुन्हा फुर्र. मी पाइप एका पिंपातून काढून दुसऱ्यात टाकला. सांडलेल्या पाण्यात पायरी धुऊन घेतली. त्यांनी पाय वर घेतले, उठले नाहीत. मग कणीक मळली. त्या दिवशी काही विशेष घडलं नाही.

हे इथं लिहायचं कारण नव्हतं. ही वही धंद्याची आहे.

पहिल्या पानावर मालकाचं नाव असावं म्हणून: रत्नमाला, वय अठ्ठावन्न, राहणार पुंडलिकनगर. शिक्षण सातवी, पुढचं सगळं वाचून. किराण्याच्या पुडीचा कागदही मी वाचल्याशिवाय फेकत नाही. हे एसटीत होते. मागच्या वर्षी उन्हाळ्यात गेले. त्यातून मी आता पूर्ण बाहेर आले आहे. आता पॉटरी.

प्लॅन: १३ आणि १४ डिसेंबर, गारखेड्यातल्या मंगल कार्यालयात महिलांचं हस्तकला प्रदर्शन. टेबल बुक केलं. चाळीस कप करायचे, चाळीस विकायचे. फक्त कप. बशी नाही. बशी जुनाट.

६ नोव्हेंबर

विशाखाकडे क्लास. पोरगी माझ्या अभयपेक्षा लहान, पण शिक्षिका म्हणून चांगली. तिच्या गच्चीवरच चाक आणि भट्टी. ती म्हणाली, काकू, मातीला दाबू नका, तिला वर येऊ द्या. मी म्हणाले, बाई, उभा जन्म भाकरी थापण्यात गेलाय, माझ्या हाताला नको शिकवू.

माती भिंतीवर गेली. भिंत चाकाच्या फार जवळ आहे. तिला सांगितलं.

१० नोव्हेंबर

मापाचं ठरलं. घरात एक जुनी बशी आहे. पांढरी, काठाला निळी रेघ. हे जिच्यातून प्यायचे तीच. ते गेले तेव्हा घरात माणसं फार होती, कुणाच्या तरी हातून तिचा कप फुटला. कुणाच्या ते विचारलं नाही. बशी राहिली. शोकेसमध्ये नुसती पडून आहे, तर मापाला घ्यावी म्हटलं. प्रत्येक कपाचा तळ तिच्या खळग्यात बरोबर बसला पाहिजे.

याला क्वालिटी कंट्रोल म्हणतात. वाचलं आहे.

१८ नोव्हेंबर

भट्टीतून पहिले कप निघाले. सगळे बशीत नाचतात. खळगा मोठा, तळ लहान. विशाखा म्हणाली, काकू, माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं असेल. त्या दिवशी पंखा फार आवाज करत होता.

बाकी कप उत्तम. थोडे कललेले. अभयला पुण्याला फोटो पाठवला. त्याचा फोन आला, आई, सगळे डावीकडेच काय बघतायत? पुण्यात राहून पोराची नजर बिघडली. मग नेहमीचं, इकडं ये, इथं नळाला रोज पाणी असतं. मी म्हणाले, रोज पाणी असेल तर माणसानं दिवसभर करायचं काय. आणि मला आता धंदा आहे.

१९ नोव्हेंबर

कंटाळा आला. गेले नाही. पाठ दुखते हे कारण.

२७ नोव्हेंबर

या खेपेला तळ मोठे धरले. जरा जास्तच मोठे. कप खळग्याच्या वर चढून बसतात, डुगडुगतात. विशाखा म्हणाली, काकू, त्यापेक्षा बशीच करा की. कपापेक्षा सोपी, अर्ध्या तासात शिकवते. मी म्हणाले, बशी आता कोण वापरतं. ती म्हणाली, मग हे माप कशाचं घेताय?

तेवढ्यात माझा फोन वाजला म्हणून बरं. कुठल्याशा कंपनीचा होता, कर्ज हवं का विचारत होते. मी बराच वेळ बोलले.

२ डिसेंबर

पाण्याचा दिवस. पाणी आलं नाही. उद्या येईल म्हणतात. पिंपातलं पाणी मातीला वापरलं, भांडी तशीच ठेवली. शेजारच्या यमुनाबाई डोकावून म्हणाल्या, अभयची आई, लोकं पाणी प्यायला साठवतात, तुम्ही चिखलाला साठवा. मी म्हणाले, याला इन्व्हेस्टमेंट म्हणतात. त्या म्हणाल्या, व्हय का? मग एक हंडा इन्व्हेस्टमेंट मलाबी द्या, सुनेनं टाकी रिकामी केलीय.

दिला.

९ डिसेंबर. दुपार.

शेवटची भट्टी. एक बसला.

म्हणजे बशीत. टक्क असा आवाज झाला. फिरवून बघितला, हलला नाही. कान थोडा जाड आहे, रंग ह्यांच्या कपासारखा पांढरा नाही, राखाडीवर गेला आहे. पण बसला.

विशाखाला दाखवला नाही. तिला कामं असतात. घरी आणून टेबलावर ठेवला, बशीसकट. चहा करून बघणार होते. केला नाही. टेस्टिंग नंतर करता येतं.

एकूण सव्वीस कप विकण्यासारखे. चाळीस हा आकडा मी अंदाजे लिहिला होता.

१२ डिसेंबर

उद्या प्रदर्शन. गल्लीतल्या सगळ्या बायकांना सांगून आले. सगळ्या म्हणाल्या, येणार म्हणजे येणार. एकेकीनं एकच घेतला तरी कप पुरायचे नाहीत. तशी वेळ आली तर ऑर्डर लिहून घ्यायची.

ठरवलेलं: भाव कमी करायचा नाही. उगाच हसायचं नाही. ह्यांचा विषय काढायचा नाही, लोक वाईट वाटून घेतात आणि मग पैसे जास्त देतात.

तो बसलेला कप आणि बशी डिस्प्लेला मध्ये ठेवणार. बाकीचे कप त्यामुळे उठून दिसतील.

१३ डिसेंबर, शनिवार

पहिला दिवस. विक्री नाही. ओळख वाढली.

लोकांचे प्रश्न: याच्या बशा कुठंयत? (पुष्कळ जण.) हे पणती लावायला आहे का? हा असाच आहे की पडला होता? एकीनं कप उलटा करून आत बोट घातलं आणि निघून गेली. शेजारच्या टेबलावर कागदाची फुलं होती, ती संपली. मेल्या फुलांना ना वास, ना उपयोग.

एका बाईनं निळ्या रेघेची बशी उचलली आणि तिचा भाव विचारला. मी म्हणाले, ती विकायची नाही. ती म्हणाली, मग मांडलीय कशाला? बरोबर बोलली, पण तोंड फटकळ.

गल्लीतल्या बायका उद्या रविवारी येणार. नवऱ्यांनाही आणतील.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळ.

लवकर मांडलं. यमुनाबाई सोबतीला आल्या. म्हणाल्या, घरी सून हाय, टीव्ही हाय, दोघींच्या मधी मी कुठं बसू.

त्याच दिवशी. संध्याकाळ.

अकराच्या सुमारास यमुनाबाईंच्या सुनेचा फोन. नळ आला. म्हणजे पुंडलिकनगरात एक दिवस आधीच पाणी सुटलं. गल्लीतली एकही बाई आता घर सोडणार नव्हती, नवरे पाइप धरायला लागणार. माझी टाकी कोरडी, पिंपं कोरडी. मला विचार करायला वेळ नव्हता. यमुनाबाईंना म्हणाले, बसा, भाव लिहिलेले आहेत, कमी करू नका. रिक्षा करून घरी आले.

मोटर, टाकी, पिंप, बादल्या. पातेल्यांपर्यंत आले आणि मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. पहिली विक्री! मी पाइप हातात धरून नुसती उभी राहिले. पाणी पायरीवरून रस्त्यावर गेलं. समोरची ओरडली, अवो काकू, लक्ष कुठंय? मी म्हणाले, बिझनेस चालू आहे.

परत गेले तर यमुनाबाई खुर्चीत ऐटीत. म्हणाल्या, विकला का नाय बगा! बिडकीनचा म्हातारा होता, धोंडिबा. त्याला कप नकोच होता, बशी पायजे होती. मी म्हणलं, एकली बशी भेटत नाय, जोडी घ्यावी लागंल. लई घासाघीस केली त्यानं, पर मी हटले नाय.

टेबलाच्या मध्ये मोकळी जागा होती.

मी त्यांचं अभिनंदन केलं. भजी खाऊ घातली.

पंचवीस कप घरी आणले.

१५ डिसेंबर

बशीचं काही नाही. जुनी होती. रेघ एका बाजूनं पुसट झाली होती, जिथं तोंड लावायचे तिथं. धंद्यात भावना आणू नयेत. हे मी कुठंतरी वाचलं आहे, कुठं ते आठवत नाही.

शोकेस पुसली.

१६ डिसेंबर

गुलमंडीवर गेले होते. दुसरं काम होतं. सहज चार दुकानांत विचारलं. निळी रेघ मिळते, पण जाड. एक दुकानदार म्हणाला, मावशी, ह्ये डिझाइन आता कोण ठेवत नाय, सोनेरी काठाचं घ्या, लई चालतंय. घेतला सहाचा सेट. लागतो घरात.

घरी आल्यावर आठवलं, दुसरं काम राहिलं. काय होतं तेही आठवत नाही.

१७ डिसेंबर

पहिल्या ग्राहकाला प्रत्यक्ष भेटून त्याचं मत घ्यावं, असा विचार आहे. फीडबॅक. त्यात संकोच कसला. बोलता बोलता बशी अदलाबदल करून देण्याचा विषय निघाला तर निघाला.

पत्ता यमुनाबाईंकडे होता. त्यांनी त्या माणसाचं गाव, जमीन किती, पोरी किती, बायकोचा गुडघा कोणता दुखतो, सगळं विचारून ठेवलं होतं. घर पिठाच्या गिरणीमागं.

उद्या जाते. वाक्यं पाठ केली: दादा, त्या बशीला जरा दोष आहे, कंपनीतर्फे बदलून देते. कंपनी म्हणजे मी. खोटं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

तीन दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून नाही.

अठराला पैठणच्या बसनं बिडकीनला उतरले. पिशवीत सोनेरी सेट, फडक्यात गुंडाळलेला. धोंडिबा दारातच बाजेवर बसलेले. मी म्हणाले, तुम्ही प्रदर्शनात कप घेतला तो मी केलेला. ते म्हणाले, तुमी केला व्हय? या, बसा. आणि आत बघून ओरडले, कडूबाई, कपवाली बाई आलीय, च्या टाक.

कडूबाई म्हणजे त्यांची बायको. गुडघा धरत बाहेर आली, मला बघितलं, पुन्हा आत गेली. चहा आला. मला माझ्याच कपात. धोंडिबांना स्टीलच्या पेल्यात, आणि सोबत बशी. निळी रेघ.

मी माझ्या कपाला तोंड लावलं. चहा काठावरून ओघळून साडीवर. इतके कप केले, एकातूनही चहा पिऊन बघितला नव्हता. धोंडिबा म्हणाले, जरा गळतोय बगा. पर खाली बशी असली की वाया जात नाय. चूक त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितली, म्हणून मी नोंदवते: काठ गळतो. सगळ्यांचाच गळत असणार.

मी पाठ केलेलं पहिलं वाक्य सुरू केलं. दादा, त्या बशीला...

त्यांनी पेला बशीत ओतला. फुंकर मारली. बशी तोंडाला लावली आणि फुर्र.

दीड वर्ष झालं असेल. मी घरात रेडिओ लावते, टीव्ही लावते, मोटर लावते. हा आवाज कुठंच नसतो.

कडूबाई म्हणाली, अवो, पाव्हण्या बसल्यात, जरा कमी आवाज करा की. लोकं काय म्हणतील.

मी म्हणाले, करू द्या.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पदरानं घाम पुसत खाली बसली. धोंडिबांनी उरलेला चहा बशीत ओतला. पुन्हा तोच आवाज. मी संपेपर्यंत बसले.

मग त्यांनी विचारलं, हा, बशीचं काय म्हणत होत्या तुमी? मी म्हणाले, बशी चांगली आहे का, एवढंच विचारायला आले होते. ते म्हणाले, लई चांगली. खोलगट हाय, सांडत नाय. आजकालच्या सपाट असत्यात. असल्या सहा कराल का? पोरी येत्यात सणाला, जावई येत्यात. कप नकोत.

कडूबाई म्हणाली, कप अजिबात नकोत.

मी म्हणाले, करते. पंधरा दिवस लागतील. म्हणजे मला येत नाही, शिकायला लागेल. हेही सांगितलं. ते म्हणाले, असू द्या, सण लांब हाय.

बसमध्ये बसल्यावर पिशवीत सोनेरी सेट तसाच असल्याचं लक्षात आलं. घरी येऊन तो यमुनाबाईंना दिला. त्यांनी विचारलं, कशाबद्दल? मी म्हणाले, कमिशन.

दुसऱ्या दिवशी पिंपातलं दोन तांबे पाणी घेऊन माती भिजवली आणि विशाखाकडे जाऊन बशी करायला बसले.